बहिणीच्या गावाची गाडी

माझ्या आईला सख्खा भाऊ होता, तरी भाऊबिजेला ती चंद्राला ओवाळायची.

ज्या बाईला भाऊ नसतो तिनं बिजेच्या चंद्राला ओवाळावं, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, आपला मामा वारला असणार. पुढे कळलं की मामा चांगला धडधाकट आहे. तो होता घाटाखाली, खामगावच्या अलीकडच्या एका खेड्यात, आणि आम्ही घाटावर, चिखलीच्या बाजूला. मधे पंधरा-सोळा कोस रस्ता आणि एक घाट. एवढाच काय तो आईचा आणि तिच्या भावाचा दुरावा.

माझे वडील दुसऱ्याच्या मळ्यात बटईनं वांगी-मिरची लावत. आई टोपली डोक्यावर घेऊन चिखलीच्या बाजाराला पायी जाई. आमच्या रस्त्यानं एक खाजगी मोटार धावायची. ती भरल्याशिवाय हलत नसे, आणि भरल्यावर कुणाला उतरवायची वेळ आलीच तर पहिली पाळी टोपलीवाल्या बाईची. एका वर्षी आईनं हट्ट धरला की यंदा माहेरी जायचंच. मी सात-आठ वर्षांचा असेन. धुतलेलं लुगडं नेसून, पुरचुंडीत पाच-सहा करंज्या बांधून ती मला घेऊन रस्त्याकडेच्या वडाखाली बसली. दुपारी मोटार आली. आत माणसं, टपावर माणसं. ती थांबली नाही. आम्ही उन्हं उतरेपर्यंत तिथंच बसलो, कारण आईला वाटत होतं की दुसरी येईल. दुसरी नव्हतीच. घरी आलो तेव्हा पश्चिमेला नखाएवढी कोर दिसत होती. आईनं ताट केलं, कोरीला ओवाळलं आणि करंज्या आम्हा भावंडांना वाटून टाकल्या.

हे आधी सांगायचं कारण असं की पुढे मी मोटारीच्याच नोकरीत गेलो, आणि लोकांना त्याचं हसू आलं. आमच्या घराण्यात चौथीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी खामगावला राहून बी.ए. झालो. गावात पहिला बी.ए. मीच. गावाला वाटलं आता हा मामलेदार होतो की काय. मी झालो कंडक्टर. शेजारचे तुकारामबुवा वडिलांना म्हणाले, "इतकं शिकून पोरगं टिकिटं फाडते काय हो?" वडील म्हणाले, "फाडू द्या ना. त्याच्या मोटारीतून त्याच्या मायले तं कोणी उतरवणार नाही." मला आजवर मिळालेल्या शाबासक्यांत ही पहिली.

तिकिटं फाडता फाडता काही वर्षांनी मी घाटावरच्या एका डेपोत वाहतुकीचा साहेब झालो. डेपोचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. साहेब म्हणजे काय, तर टेबल, खुर्ची, शिट्टी आणि ड्युटीचा चार्ट. उद्या कोणती गाडी कोण चालवणार, तिच्यावर कंडक्टर कोण, कोणाची साप्ताहिक सुटी, कोण राखीव, हे त्या चार्टावर लिहायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं की गाडी डिझेलवर चालते. गाडी चार्टावर चालते. चार्ट चुकला की गाडी डेपोत उभी आणि माणसं स्टँडवर उभी.

आणि चार्टाची खरी परीक्षा भाऊबीज. वर्षभर ज्या बायका गावाबाहेर पडत नाहीत त्या सगळ्या त्या दिवशी स्टँडवर येतात. कडेवर पोर, हाताला पोर, पिशवीत डबा. नेमक्या त्याच दिवशी आमच्या माणसांनाही बहिणीकडे जायचं असतं. आधी अर्ज येतात, अर्ज नामंजूर झाले की पोटदुखी येते. मी साहेब होण्याच्या आदल्या वर्षी भाऊबिजेला आमच्या डेपोच्या अकरा फेऱ्या रद्द झाल्या होत्या. त्या दिवशी मी कंडक्टर म्हणून रात्रीच्या मुक्कामी गाडीवर होतो. निघताना पाहिलं, दुपारपासून बसलेल्या बायका फलाटावरच पोरांना जेवू घालत होत्या. एकीनं डब्यातले भावासाठी केलेले लाडू फोडले होते.

तेव्हाच मनाशी म्हटलं होतं, चार्ट माझ्या हाती आला तर हे होऊ द्यायचं नाही.

तो हाती आला आणि मी डोकं चालवलं. माणसाला सुटी देता येत नाही, पण गाडी तर गावोगाव जातेच. मग ज्याची बहीण ज्या गावी, त्याला त्या गावाची गाडी द्यावी. फेरीत अर्धा तास थांबा असतो. त्यात ओवाळून घ्यावं, लाडू खावा, परत फिरावं. मुक्कामी गाडी असेल तर बहिणीकडेच झोपावं. ना रजा, ना पोटदुखी.

दिवाळीच्या आधी आठ दिवस मी पेन्सिल घेऊन विश्रांतीच्या खोलीत जाऊन बसू लागलो. एकेकाला विचारायचं, बहीण कोणत्या गावी? काय काय ऐकलं म्हणून सांगू! एकाच्या चार बहिणी चार दिशांना, तो म्हणाला, "साहेब, चिठ्ठी टाका, जिचं नाव निघन तिचा भाऊ." बबन कंडक्टर, आमच्यातला सगळ्यांत तोंडाळ, म्हणाला, "मले बहिणीच्या गावाले सोडून कुठंबी पाठवा. मेव्हण्याशी तीन वर्षांपासून बोलणं बंद हाय." सगळ्यांत जुने ड्रायव्हर रहेमानखाँ, त्यांना सगळे खाँसाहेब म्हणत, तेही पुढे आले. "साहेब, माही बहीण मेहकरले हाय. ओवाळत नाही, पण शिरखुर्मा झकास करते. लिवा, मेहकर." पोरं हसली. मीही मेहकर लिहिलं.

धनत्रयोदशीच्या सकाळी चार्ट भिंतीवर लागला. प्रत्येक नावापुढे गाडी, आणि गाडीपुढे कंसात बहिणीचं गाव. माणसं बोट लावून लावून वाचत होती. मॅनेजर साहेब आले, वाचलं आणि म्हणाले, "बी.ए. कामी आलं." त्या दिवशी मी दोन कप चहा जास्त प्यालो.

बबनला मात्र त्याच्या बहिणीच्याच गावाची गाडी द्यावी लागली होती, कारण दुसरी उरली नव्हती. तो माझ्या नावानं बोटं मोडत निघून गेला. आणि मग चार्टासमोर एकटाच माणूस उभा राहिला. किसन अवसरमोल.

अवसरमोल आमचा चार वर्षांचा जुना कंडक्टर. कामाला चोख, बोलायला कमी. त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतलेला होता. मी त्याला दिवाळीचे तिन्ही दिवस डबल ड्युटी लावली होती, सकाळी लोणार आणि दुपारी सुलतानपूर. अशी लागोपाठ डबल ड्युटी द्यायची तर माणसाची सही घ्यावी लागे. सहीचा कागद मी त्याच्यासमोर धरला.

त्यानं कागद घेतला नाही. म्हणाला, "साहेब, सगळ्यायच्या नावापुढं गाव हाय. माह्या नावापुढं काऊन नाही?"

मी सहज बोलून गेलो, "तुमच्याकडे आता दिवाळी नसते ना, अवसरमोल. म्हटलं तुमचं काही अडणार नाही."

"दिवाळी सोडली साहेब. बहीण नाही सोडली."

आठ दिवस मी पेन्सिल घेऊन हिंडलो होतो, खाँसाहेबांनासुद्धा विचारलं होतं. या एका माणसाला विचारलं नव्हतं.

"कोणत्या गावी असते?" मी उशिरा विचारलं.

"सुलतानपूरले. पण ते राहू द्या. मले भाऊबिजेची सुटी नाहीच पायजे. मले दसऱ्याची पायजे होती. चार वर्षांपासून अर्ज देऊन राह्यलो. दरसाल जवाब एकच, दसऱ्याले सगळ्यायलेच सुटी पायजे, जुन्या माणसायले आधी. अन् दिवाळी आली का, अवसरमोल हाय ना, त्याले कायची दिवाळी! खाँसाहेब दिवाळीत राबतात, तं ईदेले त्यायच्या गाडीवर पाटील ड्रायव्हर बसते. बरोबर हाय. मी दिवाळीत राबतो, तं माह्या दिवशी माह्या गाडीवर कोण उभं राह्यलं? सांगा ना."

वाचकांपैकी कुणाला ठाऊक नसेल तर सांगतो. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली ती दसऱ्याला. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याला हे लोक दीक्षाभूमीवर जातात. आणि दसरा म्हणजे आमच्या डेपोचाही सण. गाड्या धुवायच्या, झेंडूचे हार घालायचे, नारळ फोडायचा, मग ज्याला जमेल त्यानं घर गाठायचं. म्हणजे ज्या दिवशी त्याला सुटी हवी त्या दिवशी ती सगळ्यांनाच हवी. ईदेचं वेगळं, दिवाळीचं वेगळं, तिथं अदलाबदल जमते. त्याच्या बाबतीत ती कधी जमलीच नव्हती, आणि हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नुकत्याच गेलेल्या दसऱ्याचा चार्ट तर मीच लिहिला होता.

"घरचं कोण जायचं आहे?"

"माय. दीक्षेच्या टायमाले बाप नागपूरले जाऊन आला, मी तापात पडलो म्हणून माय घरी राह्यली. तिले म्हणलं, नोकरी लागू दे, मोटारीनं नेतो तुले. आता रोज शंभर लोकायले मोटारीत बसवतो साहेब. मायले बसवनं नाही झालं." त्यानं कागद माझ्याकडे सरकवला. "मी सही करत नाही."

"पुढच्या दसऱ्याला नक्की देतो."

"अन् तुमची बदली झाली तं? नवे साहेब म्हणतीन, कोणतं वचन, कोणाचं वचन."

आवाज चढवला नाही त्यानं. टोपी नीट केली आणि लोणारच्या गाडीवर गेला. सही नाकारायचा त्याला पूर्ण हक्क होता. पण त्याची दुसरी फेरी काढायला माझ्याकडे राखीव माणूस एकही नव्हता. राखीव सगळे मी बहिणींच्या गावांना धाडले होते. म्हणजे भाऊबिजेला सुलतानपूरची दुपारची गाडी जाणार नव्हती. एकच फेरी, कुणी म्हणेल. पण त्या गाडीच्या रस्त्यावर सात गावं, आणि प्रत्येक गावच्या फाट्यावर झाडाखाली कुणीतरी बसलेलं असणार. झाडाखाली बसणं काय असतं ते मला ठाऊक होतं.

संध्याकाळी मी विश्रांतीच्या खोलीत गेलो. पंधरा-वीस जण होते, अवसरमोलही कोपऱ्यात होता. मी म्हणालो, "चार्ट चुकला आहे. चूक माझी. अवसरमोलला मी विचारलं नाही, आणि चार वर्षं आपण सगळ्यांनी त्याच्याकडून दिवाळी करून घेतली, त्याचा दसरा कुणी केला नाही. पुढच्या दसऱ्याला त्याची गाडी कोण काढणार, आत्ता सांगा."

बबन बोलला. "मंग दिवाळी बी गेली अन् दसराबी गेला! आमी काय निरे टिकिटं फाडाले जलमलो का साहेब?"

खाँसाहेब खाटेवर पडले होते, ते उठून बसले. "काऊन बे बबन, ईदेले माही गाडी पाटील चालवते, दिवाळीले त्याची मी. आम्हा दोघायचं काय बिघडलं आजपोत? माणसाले माणसासाठी उभं राहावं लागते. सीधी बात हाय."

"तुम्ही ड्रायव्हर. तुमचं बरं हाय."

दसऱ्याचं त्या दिवशी कुणी कबूल केलं नाही, हे खरं लिहिलं पाहिजे. मी वाट पाहिली आणि मग मला जे करता येण्यासारखं होतं तेवढं केलं. कंडक्टरचा माझा बिल्ला आणि लायसन मी टाकून दिलं नव्हतं. पेटीतून बिल्ला काढला, शर्टाला लावला आणि म्हणालो, "सकाळी मला स्टँड सोडता येत नाही, पण तिन्ही दिवस दुपारचं सुलतानपूर मी मारतो. अवसरमोल, तुम्ही फक्त सकाळची लोणार करा. आणि दसऱ्याचं मी लिहून देतो. माणूस नाही मिळाला तर तेव्हाही बिल्ला आहेच. बदली झाली तर रजा काढून येईन."

अवसरमोल म्हणाला, "लिवून द्या."

दिलं. मॅनेजर साहेबांचीही त्यावर सही घेतली. त्यानं कागद वाचला, घडी केली, खिशात ठेवला आणि एकेरी ड्युटीवर सही केली. बबन म्हणाला, "साहेब, हात पेनावर बसला तुमचा. टिकिट फाटन का आता?" खोलीत हशा झाला आणि मला हलकं वाटलं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. माझी धाकटी बहीण शांता चिखलीला दिलेली होती. भाऊबिजेला दुपारच्या गाडीनं मी तिच्याकडे जाणार होतो.

भाऊबीज उजाडली. सकाळपासून मी स्टँडवर शिट्टी फुंकत होतो. एकेक गाडी भरून बाहेर पडत होती. ड्रायव्हर-कंडक्टर दोघंही स्वच्छ इस्त्रीच्या कपड्यांत, केसांना तेल. कुणाच्या पिशवीत साडी, कुणाच्या हातात भाच्यांसाठी फटाके. कामावर चाललेली माणसं इतकी खूश मी त्याआधी पाहिली नव्हती. दुपारी शिट्टी दुसऱ्याच्या हाती देऊन मी सुलतानपूरची गाडी घेतली.

हात खरंच पेनावर बसला होता. तिकिटं चिकटत होती, पंच अडत होता. एक म्हातारी मांडीवर ओवाळणीचं ताट तयार करूनच बसली होती, कुंकवाचा करंडा उघडा. दर खड्ड्याला ती ड्रायव्हरला ओरडे, "हळू हाक रे मेल्या, कुंकू सांडलं तं तुह्याच कपाळाले लावीन!" फाट्या-फाट्यावर बायका झाडाखालून उठून धावत येत होत्या. एकीला मी हात देऊन वर घेतलं. तिच्याजवळ मोठी टोपली होती. टोपली मी स्वतः मागच्या सीटखाली सरकवली.

सुलतानपूरला गाडी थांबली. फाट्यावर एक बाई डबा घेऊन उभी होती. तिनं दारातून आत डोकावलं, मला पाहिलं, पुन्हा गाडीचा बोर्ड वाचला.

"किसन कुठं हाय? आजची गाडी त्याची व्हती ना?"

मी ओळखलं. अवसरमोलची बहीण, कौसल्याबाई. मी सांगितलं, की त्याला आज सकाळचीच ड्युटी आहे, तो घरी आईजवळ असेल.

"दरसाल दिवाळीले राबते अन् आज बरा सोडला त्याले! तुम्ही कोण?"

"मी त्याचा साहेब."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुम्हीच का ते? दसऱ्याची सुटी न देणारे?"

गाडीतली माणसं ऐकत होती. मी म्हणालो, "मीच. पुढच्या दसऱ्याला देतो. लिहून दिलं आहे."

"मायनं पांढरी साडी घेऊन ठेवली हाय नागपूरसाठी. चार वर्षं झाली, घडी मोडली नाही. तुम्हाले काय ठाऊक म्हणा." एवढं बोलून तिनं डबा पुढे केला. "धरा. भाकर हाय अन् भरीत. आमी ओवाळत नाही, पण गावच्या फाट्यावरून भुकं माणूस जाऊ देत नाही."

परतीच्या वाटेवर मी मागच्या सीटवर बसून तो डबा खाल्ला. भरितात मिरची सणसणीत होती. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं असं मी तेव्हा धरून चाललो.

डेपो जवळ आला तेव्हा समोरच्या काचेतून कोर दिसली, मावळतीला टेकलेली. त्या दिवशी आमच्या डेपोची एकही फेरी रद्द झाली नाही. शेवटची गाडी आत आल्यावर मॅनेजर साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. चिखलीला शांतानं अंधार पडेपर्यंत माझी वाट पाहिली आणि मग चंद्राला ओवाळलं. पुढे भेटली तेव्हा म्हणाली, "आईसारखं केलं दादा." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बबन माझ्या टेबलाशी आला. त्याची गाडी बहिणीच्या गावी थांबली तेव्हा खाली उतरायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. बहीणच ताट घेऊन गाडीत चढली, सगळ्या उतारूंसमोर तिनं त्याला ओवाळलं, आणि मेव्हणा खाली उभा राहून म्हणाला, "गाडी सोडू नका, मी दूध आणून राह्यलो." हे सांगताना बबन भिंतीकडे पाहत होता. मग म्हणाला, "साहेब, दसऱ्याले अवसरमोलची गाडी माह्या नावावर लिवा." आणि जाता जाता, "बिल्ला ठेवा पेटीत. तुमच्या टिकिटायची लय बोंब आली सुलतानपूरहून."

त्या वर्षापासून मी चार्टाची रीत बदलली. सणाच्या आधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, वर्षातला तुमचा दिवस कोणता? माझ्या समजुतीवर कुणाचा सण ठरवायचा नाही. कुणी भाऊबीज सांगितली, कुणी गावची जत्रा. पाटील ड्रायव्हरनं पोळा सांगितला, कारण त्याच्या घरी बैलजोडी होती. एकानं आईच्या श्राद्धाचा दिवस सांगितला. तो दिवस त्याचा, बाकीच्या दिवशी त्यानं दुसऱ्यासाठी उभं राहायचं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला सकाळी डेपोत गाड्या धुणं चाललं होतं. नागपूरला जायचं तर आधी खामगाव गाठायचं, आणि त्या गाडीवर खाँसाहेब होते. अवसरमोल आईला घेऊन आला. म्हातारी लहानशी, पांढरी साडी नेसलेली. साडीवर पाच वर्षांच्या घड्यांच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. बबननं फडकं टाकून दाराशी येऊन तिला हात दिला आणि पुढच्या सीटवर बसवलं. तिनं काच, सीट, दांडा सगळं हातानं चाचपून पाहिलं आणि मुलाला विचारलं, "मधात कोणी उठवणार तं नाही ना?"

"नाही माय," बबननंच उत्तर दिलं. "हे पाहा, साहेब उभे हायेत."

घंटीची दोरी मी ओढली, दोनदा. गाडी निघाली.

त्या डेपोत मी आठ दिवाळ्या चार्ट लिहिला. त्या आठ वर्षांत भाऊबिजेची एकही फेरी रद्द झाली नाही, आणि त्या पहिल्या दसऱ्यानंतर आपला दिवस मिळाला नाही असा एकही माणूस माझ्या चार्टावर राहिला नाही. अवसरमोलची आई नागपूरला जाऊन आली.